सिमरोलजवळच्या शेतावर श्रमदान: जाणार असाल तर एकदाच जाऊ नका

निंबोळी | रविवार, १४ डिसेंबर, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी,

गेले तीन रविवार मी इंदूरहून खंडवा रोडवर, सिमरोलच्या अलीकडे, एका छोट्या सेंद्रिय शेतावर काम करायला जाऊन राहिले आहे. शेत साडेतीन एकरांचं. दादा, भाभी आणि दादांच्या आई (त्यांना सगळे माजी म्हणतात) असे तिघं मिळून बघतात. निंदणीच्या दिवसांत गावातल्या चार बायका मजुरीवर येतात. गहू, हरभरा, लसूण, थोडी मेथी-पालक, बांधाला तूर. दोन गाई, एक वासरू. रासायनिक खत बंद करून त्यांना सहा वर्षं झाली. ओळखीतून नंबर मिळाला, मी फोन केला, तर दादा म्हणाले, "आइए, पर काम करना पड़ेगा."

ऑफिसातल्या आणि सोसायटीतल्या बऱ्याच जणांना असा एक दिवस शेतावर घालवायचा आहे, म्हणून हा धागा. जरूर जा. पण पहिल्या रविवारी मला काय उमगलं ते आधी सांगते. त्या दिवशी मी त्यांना मदत केली नाही, त्यांचा वेळ घेतला. भाभींची अर्धी सकाळ मला शिकवण्यात गेली, आणि उरलेल्या वेळात मी जे केलं ते त्यांनी एकटीने तासाभरात उरकलं असतं. दुसऱ्या रविवारी बरोबरी झाली. आज, तिसऱ्या रविवारी, मी गेल्यामुळे त्यांचं काम खरंच हलकं झालं. म्हणून शीर्षकात तसं लिहिलंय.

पहिल्या दिवशी काम होतं हरभऱ्याचे शेंडे खुडायचं. रोप महिन्याभराचं झालं, वीतभर वर आलं की वरचा कोवळा शेंडा खुडतात, मग ते उंच न जाता बाजूला फुटतं. जितक्या फांद्या जास्त, तितके घाटे जास्त. ऐकायला सोपं आहे. पण अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत नेमकी दोन-तीन पानं आली पाहिजेत. जास्त खाली धरलं तर फांदीच तुटते, ओढलं तर रोप मुळासकट हलतं. मी पहिल्याच ओळीत सात-आठ रोपं हलवली. भाभी रागावल्या नाहीत. प्रत्येक रोपाशी परत जाऊन त्यांनी दोन्ही हातांनी माती दाबली, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

आणि आंब! लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलं होतं की पहाटे हरभऱ्यावर फडकं फिरवून आंब गोळा करतात, पोटदुखीवर देतात. ती हाताला लागते तेव्हा कळतं. सकाळी सातला पानं दवाने ओली असतात, आणि दहा मिनिटांत बोटं चिकट, आंबट. नखाशेजारी जरा कातडं निघालेलं असलं की असं चुरचुरतं की डोळ्यांत पाणी येतं. बोट चाटलं तर कैरीसारखी चव. कापडी बूट घालून गेले होते, ते भिजून पांढरे पडले. माजी बांधावर बसून खुडलेले शेंडे पदरात गोळा करत होत्या, त्याचीच दुपारी लसूण घालून भाजी. शेतातलं जवळजवळ काहीच वाया जात नाही, हे त्यांच्याकडे कोणी बोलून दाखवत नाही, तसं वागतात.

दुसऱ्या रविवारी लसणात निंदणी. तिथे चाकवत माजलं होतं (आपल्याकडे भाजीवाले बथुआ म्हणतात तेच). चार बायकांच्या शेजारी बसून खुरपं चालवलं. त्या गप्पा मारत पुढे सरकत होत्या, मी घामाघूम होऊन मागे. त्यातल्या एकीने दाखवलं: खुरपं उभं खुपसायचं नाही, आडवं धरून मातीच्या पापुद्र्याखालून सरकवायचं, म्हणजे लसणाचा गड्डा दुखत नाही. काळ्या मातीत हे सगळं वाफशावर अवलंबून. ओली असली तर चिखल खुरप्याला लोंबतो, वाळली तर दगड. मधले दोन-तीन दिवसच माती हाताचं ऐकते. चाकवत मी मोठी जुडी बांधून घरी आणलं, आईने ताकातली भाजी केली.

आज कंपोस्टचा ढीग पलटला. त्यावर लिहायला बसले तर रात्र होईल, पण एवढं सांगते. थंडी चांगली होती, तोंडातून वाफ निघत होती. दादांनी पावड्याने ढिगाची बाजू कापली आणि आतून वाफेचा लोटच बाहेर आला. हात घातला तर आत इतकं ऊन की फार वेळ ठेववेना. आतली पानं काळी-तपकिरी, त्यांच्यावर राखेसारखी पांढरी बुरशी, आणि वास शेणाचा नाही, पहिल्या पावसाचा. वरचं खाली, बाहेरचं आत, कोरडं लागलं तिथे पाण्याचा हबका. दादांनी मूठभर उचलून दाबलं: लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. मग म्हणाले, "ये इंदौर का तरीका है, दीदी. आपके शहर का." मला याचा काहीच पत्ता नव्हता. इथल्या कोणाला माहीत आहे?

---

गच्चीवाली | १४ डिसेंबर, रात्री १०:०५

निंबोळीताई, वाचूनच हात आंबट झाले. दोन-तीन रोखठोक प्रश्न. किती ते किती वाजेपर्यंत असतं? माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला आणू का? आणि बायकांची सोय काय?

मी गच्चीवर चार कुंड्यांत घरचा ओला कचरा जिरवते. गाडीत टाकलेला ओला कचरा देवगुराडियाच्या प्लांटला जातो, तिथे गॅस आणि खत होतं, हे माहीत आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाला तेव्हा रोज साडेपाचशे टनांचा म्हणून केवढं कौतुक झालं होतं. तरी स्वतःच्या डोळ्यांसमोर साल-सोपटांची माती होते ती मजा वेगळी. पण माझ्या कुंडीतून वाफ कधीच येत नाही. काय चुकतंय?

---

कृषी_७४ | १५ डिसेंबर, सकाळी ६:५०

निंबोळी, तुझ्या दादांनी अगदी बरोबर सांगितलं. मी आपल्या कृषी महाविद्यालयाचा जुना विद्यार्थी, आणि हा विषय माझ्या फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ही पद्धत बसवणारे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९०५ पासून बिहारात पुसा इथे होते. १९२४ मध्ये इंदूरला आले आणि १९३१ पर्यंत इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीचे संचालक राहिले. जमीन होळकर दरबारची, आणि मुख्य काम कापसाचं. कापूस सुधारायचा तर नुसतं बियाणं सुधारून भागत नाही, माती सुधारायला हवी, असं त्यांचं मत होतं. आणि शेतकऱ्याकडे विकतच्या खताला पैसा नाही. मग त्याच्याकडे आहे काय? तण, पाचोळा, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, शेण, चुलीतली राख, आणि गोठ्यातली मूत मुरलेली माती. यातूनच पद्धत उभी राहिली. पऱ्हाट्या फार चिवट, लवकर कुजत नाहीत, तर त्या शेतातल्या गाडीवाटेवर पसरायच्या. बैलगाड्यांच्या चाकांखाली येऊन आपोआप चुरा. मला हा तपशील फार आवडतो. यंत्र नाही, खर्च नाही.

थरांचा क्रम असा: पालापाचोळ्याचा थर, त्यावर शेणकाला, मूतमाती आणि राख, पाणी, परत पाचोळा. कोरड्या दिवसांत उथळ खड्ड्यात, पावसाळ्यात जमिनीवर ढीग, कारण खड्ड्यात पाणी साचलं की हवा संपते आणि खत सडतं. पहिली पलटणी पंधरवड्याने, दुसरी महिन्याने, तिसरी दोन महिन्यांनी. तीन महिन्यांत खत तयार. कुजणं आणि सडणं यांतला फरक हवेचा, एवढं समजलं की पद्धत समजली.

आणि एक नाव कृपा करून लक्षात ठेवा: यशवंत वाड. हॉवर्ड यांचे सहकारी. १९३१ मध्ये या पद्धतीवरचं पुस्तक दोघांच्या नावाने निघालं. हॉवर्ड जगभर सेंद्रिय शेतीचे एक जनक म्हणून ओळखले जातात, वाड यांचं नाव त्यांच्याच गावात ऐकू येत नाही, याची मला मनापासून खंत आहे.

१९३५ मध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले होते, तेव्हा ते ही संस्था आणि तिथलं खताचं काम बघून गेले. नंतर 'हरिजन'मध्ये त्यांनी या पद्धतीबद्दल लिहिलं.

गच्चीवाली, तुमच्या कुंडीत चूक काही नाही. ढीग लहान असला की तयार झालेली ऊब लगेच बाहेर निघून जाते. कमरेइतका ढीग असेल तरच आतला गाभा तापतो. कुंडीतलं खत थंडपणे होतं, वेळ जास्त लागतो, पण होतं चांगलंच. सुकी पानं भरपूर घाला.

---

सांवेरचा | १५ डिसेंबर, दुपारी १:३०

माझं घर शेतीचं, सांवेर तहसीलमध्ये. मनातलं लिहितो, कोणी राग मानू नका.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या शेतावर शहरातल्या एका कंपनीचा गट आला होता. चाळीस माणसं. टोप्या, बॅनर, फोटो. मेथीचे वाफे तुडवले, ठिबकच्या नळ्या दोन ठिकाणी फोडल्या, आणि जाताना प्लास्टिकचे ग्लास बांधावर टाकून गेले. शेतकरी बिचारा पाहुणे म्हणून गप्प राहिला. आठवडाभर निस्तरत होता.

दुसरं. निंदणी हे गावातल्या बायकांचं हक्काचं काम आहे. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांचा डिसेंबर त्यावर निघतो. तुम्ही फुकट येऊन तेच काम केलं तर त्यांची मजुरी गेली. याचा विचार केलाय का?

तिसरं, सेंद्रिय शेती करणाऱ्याचं पहिल्या दोन-तीन वर्षांत काय होतं ते बाहेरून दिसत नाही. युरिया थांबवला की उतारा, म्हणजे एकरी पीक, पडतो. माती सावरेपर्यंत घर चालवायचं कसं? मंडीत तर गहू तो गहू. २०२५ च्या हंगामात हमीभाव २४२५ रुपये क्विंटल होता, तो सेंद्रिय आहे म्हणून तिथे कोणी जास्त देत नाही. माझ्या काकांनी दोन वर्षं करून सोडून दिलं. ते आळशी नव्हते.

---

निंबोळी | १५ डिसेंबर, रात्री ८:४५

सांवेरचा भाऊ, राग कसला, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मजुरीचा प्रश्न मी दुसऱ्याच रविवारी दादांना विचारला. चार बायकांची ठरलेली मजुरी आम्ही असलो तरी दिली जाते, त्यांचा एकही दिवस कमी होत नाही. आम्हाला देतात ती कामं अशी, जी मजूर लावून करणं परवडत नाही म्हणून मागे पडतात: ढीग पलटणं, बांधावरचं गाजरगवत फुलायच्या आत उपटणं, हरभऱ्यात पक्ष्यांना बसायला टी-आकाराच्या काठ्या ठोकणं. (साळुंक्या आणि कोतवाल त्यावर बसून घाटेअळ्या टिपतात. काल एक कोतवाल काठी ठोकल्यावर पाचच मिनिटांत येऊन बसला, मी हातातलं काम सोडून बघत राहिले.) जिथे मजुरांचं काम हिसकावलं जाणार असेल तिथे जाऊ नये, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. जाणाऱ्याने हे आधी विचारावं.

चाळीस माणसं तर नकोतच. दादा एका वेळी चारच्या वर घेत नाहीत.

उताऱ्याचं तुम्ही लिहिलंत ते दादाही सांगतात. तिसऱ्या वर्षी ते सोडायच्या बेतात होते. तरले ते दुधावर, आणि शहरातल्या काही घरांनी वर्षाचा गहू आधीच सांगून ठेवला म्हणून. मला वाटतं आपण शहरातल्यांनी करायची खरी मदत तीच आहे. रविवारचे आपले हात दुय्यम. वर्षाचा गहू त्यांच्याकडून, त्यांनी सांगितलेल्या भावाने, घासाघीस न करता. माझ्या घरचे दोन क्विंटल मी सांगून टाकलेत.

गच्चीवाली, सकाळी सात ते दुपारी दोन. नऊ वर्षांचा मुलगा चालेल, पण त्याच्या मागे तुम्हाला राहावं लागेल: विहीर आहे, विळे-खुरपी पडलेली असतात. संडास घराला लागून आहे, स्वच्छ आहे. पूर्ण बाह्यांचा सुती कपडा, टोपी, जुने बंद बूट. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. जेवण भाभी देतात, आपण शिधा घेऊन जायचा. मी तूरडाळ आणि गूळ नेते. आणि ढिगात हात घालायच्या आधी काठीने हलवून बघा. उबेला धामण येऊन बसते. बिनविषारी असते, उंदीर खाते, तिला जाऊ द्यायचं.

---

बडोद्याची_माहेरवाशीण | १६ डिसेंबर, सकाळी ११:१५

इंदूरची मी नाही, माहेर बडोद्याचं आणि सध्या मुक्काम तिथेच. आमच्या वडिलांच्या शेतावर जीवामृत करतात: २०० लिटर पाण्यात १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. दिवसातून दोनदा ढवळायचं, दोन दिवसांनी एकरभर सोडायचं. तुमच्याकडचे दादा ते करतात की फक्त कंपोस्ट? दोन्हींत चांगलं काय?

---

पोहेजलेबी | १६ डिसेंबर, दुपारी ४:००

मी घेणाऱ्याच्या बाजूने विचारतो. 'सेंद्रिय' लिहिलेलं बघून दुप्पट पैसे मोजले आणि नंतर कळलं की माल मंडीचाच होता, असं माझ्याबरोबर एका दुकानात झालंय. तेव्हापासून विश्वास बसत नाही. खरं काय ते ओळखायचं कसं?

---

कृषी_७४ | १६ डिसेंबर, सायंकाळी ७:३०

बडोद्याची ताई, दोन्हींचं काम वेगळं. जीवामृतातून प्रामुख्याने जिवाणू जातात, ते विरजणासारखं आहे. विरजण लावायला दूध तर हवं! जमिनीत सेंद्रिय पदार्थच नसेल तर जिवाणू खातील काय? काळ्या मातीत कंपोस्ट, पिकाचे अवशेष, हिरवळीचं खत हे आधी. त्यावर जीवामृत उत्तम लागू पडतं. माझं मत आहे, पण चाळीस वर्षं माती बघून बनलेलं.

पोहेजलेबी, प्रमाणपत्राचे आपल्याकडे दोन मार्ग. एक एनपीओपी (सरकारचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम), त्रयस्थ संस्था तपासते, खर्चिक. त्यात गहू-हरभऱ्यासारख्या पिकांना पेरणीआधी किमान दोन वर्षांचा रूपांतर काळ लागतो. दुसरा पीजीएस (सहभागी हमी पद्धत), त्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो, छोट्यांना तोच परवडतो. कागद जरूर मागा. आणि शक्य असेल तर एकदा शेतावर जा. बांधावर खताच्या रिकाम्या पिशव्या पडल्यात का बघा, ओल्या मातीत पावड्याचा एक घाव घालून गांडुळं मोजा. इंदूरजवळ सनावदियाला जनक पलटा मगिलिगन यांचं केंद्र आहे, त्यांना २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथली सेंद्रिय शेती आणि सौर चुली बघून या, डोळा तयार होईल.

---

सांवेरचा | १७ डिसेंबर, सकाळी ८:१०

निंबोळीताई, मजुरी दिली जाते हे वाचून बरं वाटलं. एक विचारतो. पुढचा ढीग कधी लावणार? पाचोळा पुरतो का त्यांना? आमच्या काकांनी सोडलं त्याचं एक कारण हेच होतं. सोयाबीनचं कुटार आणि गव्हाचा भुसा जनावरांना जातो, ढिगात घालायला सुकं काही उरतच नाही.

---

निंबोळी | १७ डिसेंबर, रात्री ९:००

भाऊ, नेमकं बोललात. शेण आहे, मूतमाती आहे, पाचोळा कमी पडतोय. पुढचा ढीग येत्या रविवारी लावायचाय, आणि दादांना सुक्या पानांची चिंता आहे.

---

गच्चीवाली | १७ डिसेंबर, रात्री ९:२५

अहो, आमच्या सोसायटीत जंगली बदामाची नऊ झाडं आहेत! सध्या लाल पानांचा खच पडतोय. माळीबुवा रोज झाडून कोपऱ्यात ढीग करतात, आणि कधीकधी कोणी तो पेटवून देतं, त्यावरून मी दरवर्षी भांडते. उद्याच बोलते त्यांच्याशी. पोती कुठली चालतील?

---

निंबोळी | १७ डिसेंबर, रात्री ९:३०

तागाची किंवा जुनी गव्हाची, कुठलीही. फक्त पानांत प्लास्टिक, दोरे, गुटख्याच्या पुड्या राहू देऊ नका. निलगिरीची पानं असतील तर वेगळी ठेवा, ती लवकर कुजत नाहीत.

---

गच्चीवाली | १९ डिसेंबर, रात्री ८:१५

अकरा पोती भरली. मुलाने आणि माळीबुवांनी मिळून निवडली, मुलाने तीन पेनं आणि एक शटलकॉक शोधून काढलं. माझ्या गाडीत चारच मावतात. कोणाकडे मोठी गाडी आहे?

---

सांवेरचा | १९ डिसेंबर, रात्री ८:४०

माझ्याकडे पिकअप आहे. शनिवारी संध्याकाळी पोती उचलतो, रविवारी सकाळी सातला तेजाजी नगर चौकात भेटू. काकांनाही घेऊन येतो, ढीग कसा लावतात ते त्यांना बघायचंय.